चैतालीच्या घरावर मी मारलेले पाणी

मी, माणिकराव तुळशीराम वाव्हळ, वय चौऱ्याहत्तर, शिक्षण चौथी, धंदा गवंडीकाम (आता बंद), राहणार तलवाडा, तालुका गेवराई, जिल्हा बीड, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्या दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहितो. अक्षर वाकडे येते ते वयाने. मनाचा घोळ तिसऱ्या कलमात आहे.

१. तीन खोल्यांचे घर मी स्वतः बांधले. पत्नी मुक्ताबाई हयात असेपर्यंत ते तिचे. नंतर मुलगा जीवन आणि मुलगी चैताली यांचे निम्मे-निम्मे.

२. थापी आणि ओळंबा चैतालीला. जीवनने रागावू नये, त्याने ओळंबा फेकून चिंचा पाडलेल्या आहेत. लेव्हल काढायची पाण्याची नळी सहा वर्षे शेजारच्या अजिनाथकडे आहे. ती त्याने परत द्यावी.

३. दुसरे घर प्लास्टिकच्या डबीत, काळ्या चकतीवर आहे, असे चैताली म्हणते. ती पुण्याला प्रयोगशाळेत आहे. तिथे यंत्राचा हात सुईने कार्बनच्या नळ्या उचलून एकमेकींवर रचतो. एकेक नळी केसापेक्षा हजारो पट बारीक. दार, भिंती, छप्पर, सगळे आमच्या घरासारखे. मी भिंग लावले, काही दिसले नाही. तिने मोठ्या यंत्राखाली काढलेल्या फोटोत मात्र दिसते. हे कसे, मला अजून कळलेले नाही.

डबी माझ्या हातात देताना ती म्हणाली, "आबा, माझं पहिलंच बांधकाम हाय, जपा. बुद्धपौर्णिमेला आले की परत नेऊन बगणार हाय, कसं टिकलं ते."

नवे बांधकाम जपायचे म्हणजे तराई. पाणी मारले नाही तर भिंत तडकते. मी सात दिवस सकाळ-संध्याकाळ चकतीवर पाणी शिंपडले. आठव्या दिवशी फोनवर सहज विचारले, त्याला पाण्याने काय होते?

"पाणी? सुकताना नळ्या ओढून चिकटवतं, आबा. समदं खाली बसतं. कावून इचारता?"

मी फोन ठेवला.

अजिनाथ म्हणतो, "रिकामी डबी हाय बे. नव्हतंच ते पडंल कसं?" मुक्ताबाई म्हणते, "पोरीला सांगून टाका की." तोंडाने सांगवत नाही. चाळीस वर्षांत माझी एक भिंत पडली नाही. पडली असेल तर ही पहिली, आणि तीही तिची.

डबी चैतालीचीच. घर उभे असो वा पडलेले.

४. बाकीची कलमे माझ्यामागे वाचावीत. तिसरे कलम मात्र ती येईल त्याच दिवशी, मी समोर असताना, जीवनने मोठ्याने वाचावे. मी मान खाली घालून बसेन. तिने आधी डबी यंत्राखाली बघावी, मग काय बोलायचे ते बोलावे.

सही: माणिकराव तु. वाव्हळ

साक्षीदार:
१. विजयमाला साळवे, शिक्षिका
२. अजिनाथ खेडकर (नळी उद्या आणून देतो. डबीचं मला माहीत न्हाई.)

तलवाडा, ११ एप्रिल २०२५