माझं आळशी एन्झाइम

३ एप्रिल
दवाखान्यात गेलो. नर्स ताबिथा म्हणाली, साखर पचवणारं एन्झाइम तुझ्या पोटात जन्मापासूनच नाही. आपल्या ग्रीनलँडमध्ये असे पुष्कळ आहेत. साखर सोड. पटलं नाही. नाही कसं? आळशी असेल. मी आळशी कुत्र्यांनाही बर्फावरची स्लेज ओढायला लावलंय.

४ एप्रिल
अठराला बिबियानेचा पन्नासावा वाढदिवस. अख्खं गाव कॉफी-केकला जाणार. तिचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली, माझी बायको जाऊन आठ. त्या दिवशी तिला लग्नाचं विचारायचंच. पण जो तिचा केक खात नाही, त्याला ती हो कशाला म्हणेल? गेल्या वर्षी केक खिशात लपवला, तर दारातच माझ्या कुत्र्यांनी खिसा फाडला. खिसा तिनेच शिवून दिला. काही विचारलं नाही, बिचारी भोळी आहे.
संकल्प: रोज साखरेचे खडे, वाढवत न्यायचे. एन्झाइमला व्यायाम.

५ एप्रिल
एक खडा. पोटात गुरगुर. जागं होतंय.

८ एप्रिल
दोन खडे. बर्फावर मासे धरत होतो. अस्वलाच्या कातड्याची पँट घाईत सुटत नाही. जास्त लिहीत नाही. वाराच बाधला असणार.

९ एप्रिल
साखर बंद. व्यायामानंतर विश्रांती हवीच.

१४ एप्रिल
ताबिथाने दुकानात विचारलं, गेल्या आठवड्यात साखर नेलीस ती कुणाला? म्हटलं, कुत्र्यांना. म्हणाली, त्यांना पचेल, तुला नाही. खवचट बाई.

१८ एप्रिल, सकाळ
नऊ दिवस विश्रांती. एन्झाइम ताजंतवानं. भाषण पाठ.

१८ एप्रिल, संध्याकाळी सात
चार प्रकारचे केक, चारही खाल्ले. बिबियाने मध्येच स्वयंपाकघरात बोलवायला आली. म्हटलं, आधी खाऊ दे.
तेव्हापासून तिच्या संडासात आहे. भिंत फळीची, पलीकडे पाहुणे. गावाची रीत अशी की खायचं, उठायचं, दुसऱ्याला जागा द्यायची. सगळं गाव येऊन गेलं. उठलो नाही तो मीच.
शेवटी बिबियानेने दाराबाहेरून विचारलं, काही बोलायचं होतं का? भाषण आठवेना. दारातूनच म्हटलं, लग्न करशील का.
ती बराच वेळ हसली. म्हणाली, अरे वेड्या, मलाही साखर पचत नाही. खिसा शिवताना केकचा चुरा सापडला, तेव्हाच तुझं ओळखलं. स्वयंपाकघरात आपल्या दोघांसाठी व्हेलची कातडी कापून ठेवली होती, बिनसाखरेची मेजवानी. वाट पाहून मी एकटीनेच संपवली.
आणि लग्नाचं? ते म्हणे बाहेर आलास की सांगते.
आठ वाजले. वही खिशात होती म्हणून लिहितोय. एन्झाइम आळशी नाही, ते मुळातच नाही. अजून आतच आहे मी.