शेरवानीचा डावा खांदा

३ ऑगस्ट २०२५, रविवार
आजपासून नवीन प्रोजेक्ट. आधीचे तीन यशस्वीच म्हणायचे. मावळ्याची बंडी: घातल्यावर हात वर होत नाही, पण हात सारखा वर कशाला लागतो? पेशवाई अंगरखा: डोकं आत गेलं नाही, हा कापडाचा दोष. बायकोनं, वनमालानं, त्याचं मिक्सरचं कव्हर केलं. सरदाराची सुरवार: मांडी न घालता बसलं तर उत्तम.
ऐतिहासिक पोशाख शिवणारा बीड शहरात माझ्याशिवाय कोणी नाही. ही जबाबदारी मी एकट्यानं पेलतो आहे, नोकरी सांभाळून.
आता आजोबांची शेरवानी. विठ्ठलरावांचा एकच फोटो आहे, पोलीस ॲक्शनच्या साली काढलेला. काळ्या निजामी शेरवानीत उभे. बटणं सगळी उघडी. घरात यावर कधी कोणी बोललं नाही, पण माझं संशोधन पक्कं आहे. वेश बदलून ते रझाकारांच्या बातम्या काढत असणार. नाहीतर जोंधळा पेरणारा माणूस शेरवानी कशाला घालेल? पुरावा नाही. गुप्त कामाचा पुरावा नसतोच.
१७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, ऑफिसच्या झेंडावंदनाला तीच शेरवानी घालून मी आजोबांवर बोलणार. कार्यक्रम तानाजीकडे आहे. माझ्याच टेबलाला टेबल लावून बसतो. म्हणाला, "बोल बे, पण पाचच मिनिटं. नंतर नाष्टा हाय."
संकल्प: रोज पहाटे साडेपाच ते साडेसात शिवण.

४ ऑगस्ट, सकाळी ७.५०
उठलो ७.४० ला. शरीराला हळूहळू सवय लावावी.

१० ऑगस्ट, रविवार
मापं फोटोवरून काढली. वनमाला जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते, म्हणून प्रमाण तिनं काढून दिलं. छाती छत्तीस. मी म्हटलं, चुकलीस, आजोबांची छाती बेचाळीसच्या खाली नसणार. ती म्हणाली, "छाती त्यांचीच असेल हो. शेरवानी छत्तीसची आहे." बाही बोटांच्या पेरापर्यंत येते. आणि डावा खांदा उजव्यापेक्षा पाऊण इंच खाली.
डाव्या खांद्याचा उलगडा मला लगेच झाला. बंदूक! भाषणात घेणे.
उघड्या बटणांबद्दल: निजामशाहीचा निषेध. वनमालाचं मत: लागत नसतील. गणिताच्या माणसांना इतिहासाची दृष्टी नसते.

१७ ऑगस्ट
कापड बेतलं. दोन्ही बाह्या डाव्या निघाल्या. पुन्हा कापड आणलं.

२४ ऑगस्ट, दुपारी
धड जोडलं, अस्तर लावलं, कॉलरला आणि खांद्यांना बकरमचं ताठ कापड घातलं. हँगरला अडकवून हॉलच्या खिडकीच्या गजाला टांगली. माझा माझ्यावर विश्वास बसेना. पहिल्यांदाच शिवलेली वस्तू कपड्यासारखी दिसते आहे. जरा जास्तच. आत माणूस असल्यासारखी.
वनमाला शाळेचे पेपर घेऊन हॉलमधून गेली आणि जाताना तिनं पदर डोक्यावर घेतला. सव्वीस वर्षांत तिनं माझ्या वडिलांसमोरसुद्धा पदर घेतला नव्हता. विचारलं तर म्हणाली, "कधी घेतला?"
उकाड्याचा परिणाम.

३१ ऑगस्ट
गॅसवाला सिलिंडर घेऊन आला. दारातून आत बघून म्हणाला, "पाहुण्यांना जरा सरकायला सांगा." मी सांगितलं, पाहुणा नाही, शेरवानी आहे. तो हसला नाही. सिलिंडर दारातच ठेवून गेला. मी ओढत आत नेला. कंबर धरली आहे. आज शिवणाला सुट्टी.

२ सप्टेंबर
एक किरकोळ तांत्रिक अडचण. डाव्या खांद्याचा उतार डोळ्यांना खुपू लागला, म्हणून ऑफिसला जाताना आत पॅड घालून इस्त्रीनं वर घेतला. संध्याकाळी बघतो तर खांदा खाली. पॅड जागेवर. खांदा खाली.
बकरम निकृष्ट. दुकानदाराला सुनावणे.

५ सप्टेंबर
चहाला बसलो. वनमालानं तीन कप ओतले. आम्ही दोघंच घरात. तिसऱ्या कपाकडे दोघं बघत बसलो.
मग ती म्हणाली, "अहो, ती कपाटात ठेवा. कोणीतरी दारात येऊन उभं राहिल्यासारखं वाटतं. आत येत नाही आणि जातही नाही."
मी हसण्यावारी नेलं. मात्र कपाटात ठेवली. कपाटाकडे पाठ करून बसवत नाही, म्हणून खुर्ची फिरवून घेतली. उजेडासाठी.

७ सप्टेंबर, रविवार
शेरवानी पूर्ण! नऊ काजं, हातानं. सात चांगली.
घालून बघितली. बटणं लागत नाहीत, पण आजोबांचीही उघडीच होती. आरशात उभा राहिलो. बाह्या लांब, खांदा उतरलेला. आजोबांसारखा दिसलो नाही. माझ्यासारखाही दिसलो नाही. कोणासारखा, ते समजेना. लगेच काढली. गरम होत होतं.
उद्यापासून पितृपक्ष. वनमाला म्हणते, या पंधरवड्यात नवं कापड अंगाला लावू नये. मी शास्त्रीय दृष्टिकोनाचा आहे. आजच लावून घेतलं.

१० सप्टेंबर, बुधवार
किरकोळ रजा टाकून गावाला जाऊन आलो. गाव सिरसाळ्याच्या पुढं सात किलोमीटर. तिथं छबुबाई, माझी आत्या, आजोबांची धाकटी लेक. वय सत्त्याऐंशी. विधवा होऊन माहेरी आली ती त्याच घरात राहिली. घरावर आता स्लॅब आहे, दाराची चौकट तेवढी जुनी. तिच्याकडून गुप्तहेरीची एखादी आठवण मिळाली तर भाषणाला धार येईल, असा हेतू.
तिला चकित करावं म्हणून गावाबाहेर बाभळीखाली मोटारसायकल लावली आणि शेरवानी चढवली. चालत गेलो. बाराची वेळ, डोक्यावर ऊन, गल्लीत कुत्रं नाही. दार वाजवलं.
आत्यानं दार उघडलं. माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. खांद्याकडे बघितलं. लहान पोरीसारख्या आवाजात भरभर म्हणाली, "आबा घरी न्हाईत."
मी म्हटलं, आत्या, मी बिभीषण.
"आबा घरी न्हाईत, दस्तगीरमामू. कवा येतेल म्हाईत न्हाई."
आणि चौकटीला धरून खाली बसली.
बाकी उद्या लिहीन. गाडी चालवून थकवा आला आहे.

११ सप्टेंबर
राहिलेलं लिहून टाकतो.
पाणी पाजल्यावर तिनं मला ओळखलं. पहिलं वाक्य: "काढ ते आधी." काढली. मग ती बोलली. मी भाषणासाठी वही काढली होती. वहीत काही लिहिलं नाही.
दस्तगीर हे गावचे शिंपी. उंच, काटकुळे. लहानपणी झाडावरून पडून डावा खांदा उतरलेला. ही शेरवानी त्यांनी स्वतःच्या निकाहासाठी शिवली होती. आजोबांचा आणि त्यांचा जीव एक. पोलीस ॲक्शननंतर गावागावात मुसलमानांची घरं फुटू लागली, तेव्हा ते बायकोपोरांना घेऊन निघाले. जाताना शिवणाची मशीन आणि शेरवानी आजोबांच्या हवाली केली. "आठ दिवसांत येतो."
चार महिन्यांनी आले. तोवर मशीन आजोबांनी विकली होती. शेरवानी घालून, गावात आलेल्या फोटोवाल्याकडून फोटोही काढला होता.
"आबा आत जोंधळ्याच्या कनगीमागं बसले. मला म्हनले, सांग, घरी न्हाईत. मी दहा वर्साची. सांगितलं. शेरवानी माझ्या मागं खुंटीला हुती. मामूनं बघितली. लई वेळ बघितली. मग मला म्हनला, बेटी, दार लावून घे, ऊन लागतंय तुला."
मी विचारलं, मग? "मग काय. लावलं."
शेरवानीचं काय झालं, तेही विचारलं. ती म्हणाली, आजीनं तिची वाकळ शिवली. "काळी वाकळ. तुला आठवत न्हाई? तिच्याबिगर तू झोपायचा न्हाईस."
आठवते. मऊ होती.
दस्तगीर पुढं वारले. नातू माजलगावला आहे, म्हणे. जिलानी टेलर.

१२ सप्टेंबर
शांतपणे विचार केला. पुराव्याशिवाय निष्कर्ष काढणं संशोधकाला शोभत नाही. आत्याचं वय बघता स्मरणशक्तीचा प्रश्न आहे. कदाचित मशीन मोडकी असेल. कदाचित कनगीमागं आजोबा दुसऱ्याच कामासाठी बसले असतील.
कनगीमागं कसलं काम असतं?

१३ सप्टेंबर
मार्ग सापडला! शेरवानी जिलानीला नेऊन द्यायची. "आमच्या घराण्यानं ही अमानत सत्त्याहत्तर वर्षं जपली." वाक्य सुंदर आहे. जुनी दिसावी म्हणून चहाच्या पाण्यात बुडवून उन्हात वाळवली. वनमाला बघत होती. म्हणाली, "अहो, तो शिंप्याचा नातू आहे." मी म्हटलं, म्हणूनच त्याला किंमत कळेल.

१४ सप्टेंबर, रविवार
माजलगाव. दुकान लहान, भिंतीभर शाळेचे गणवेश. जिलानी पन्नाशीचा, गळ्यात टेप. मी गाव सांगितलं, आजोबांचं नाव सांगितलं. त्यानं मशीन थांबवली, स्टूल दिलं, समोरून चहा मागवला. म्हणाला, दादा (म्हणजे त्याचे आजोबा, दस्तगीर) सांगायचे, त्या गावात माझा एक दोस्त आहे, त्याच्याकडे माझी शेरवानी आहे.
मी पिशवी उघडली आणि माझं वाक्य म्हटलं.
त्यानं शेरवानी हातात घेतली. कॉलर उलटी केली, अंगठा फिरवला. काजं बघितली. मग वास घेतला.
"टेरिकॉट हाय, साहेब. आवंदाचं. चहा कुनी सांडला हिच्यावर?"
मी म्हटलं, मीच शिवली. फोटोवरून.
"आन् जुनी?"
वाकळ केली, असं म्हणायचं होतं. म्हटलं, "पांघरली."
त्यानं एका हाफ पँटची कड दुमडून शिवली. दोरा तोडला. मग खाली बघूनच म्हणाला, "दादा नंतर एकदा गेलते परत. तुमचे आजोबा घरी नव्हते म्हने. नव्हते ना?"
मी म्हणालो, "नव्हते."
बरोबरच केलं. त्याच्या मनात आजोबांची चांगली प्रतिमा आहे, ती मोडण्याचा मला काय अधिकार? शेरवानी त्याच्याकडेच ठेवून आलो. येताना वडवणीपर्यंत पाठीमागं कोणीतरी बसल्यासारखी गाडी जड चालत होती. हवा कमी असावी. तपासली. हवा बरोबर होती.

१५ सप्टेंबर
भाषण लिहायला बसलो. "माझे आजोबा" इथपर्यंत झालं.

१६ सप्टेंबर, दुपारी
कपाट रिकामं आहे. खुर्ची अजून त्याच्याकडे तोंड करून आहे. ऑफिसातून लवकर आलो, बरं वाटत नव्हतं. वनमाला शाळेत होती. दार वाजलं. उघडलं, कोणी नाही. पुन्हा लावलं तर वाटलं, आपण कोणाच्या तरी तोंडावर लावलं. पुन्हा उघडलं आणि ती येईपर्यंत उघडंच ठेवून बसलो. तिनं विचारलं, दार सताड का? मी म्हटलं, वारा.
वारा नव्हता.
मग तिला सगळं सांगितलं, "नव्हते" सकट. तिनं पेपर बाजूला ठेवले. म्हणाली, "आत्या दहा वर्षांची होती. तुम्ही चौपन्न वर्षांचे आहात."

१७ सप्टेंबर, बुधवार
झेंडावंदन सकाळी होतं. मी सहाला उठलो (नोंद घेण्यासारखी गोष्ट) आणि माजलगावची वाट धरली. रस्त्यात तीन वाक्यांचं निवेदन तयार केलं. एक पश्चात्तापाचं, एक इतिहासाचं, एक दोन्ही समाजांसाठी. तानाजीचे सहा मिस्ड कॉल. सातवा उचलला. तो ओरडत होता, "कुठं हायस बे? माईक चालू हाय!" मी म्हटलं, माजलगावला. त्यानं फोन ठेवला. नंतर कळलं, पाच मिनिटं वाचल्याबद्दल सगळे खूश होते.
जिलानी नुकतंच दुकान उघडून मशीनला तेल देत होता. मी बाहेरच उभा राहिलो. निवेदन आठवेना. म्हटलं, "घरी होते. आजोबा. आतच बसले होते."
त्यानं तेलाची कुपी बंद केली.
"म्हाईत हाय," म्हणाला. "दादानं सांगितलतं. दोस्त आत हुता, खोकल्याचा आवाज आला म्हने."
मी विचारलं, मग रविवारी मला का विचारलं?
"तुमी काय सांगता ते बघायला."
एक गिऱ्हाईक आलं. मुलाच्या गणवेशाचं माप द्यायचं होतं. जिलानीनं टेप काढली, माप घेतलं, पावती फाडली. मी उभाच. मग त्यानं फळीवरून शेरवानीची पिशवी काढून माझ्या हातात दिली. म्हणाला, "आमच्याकडं ठेवायला जागा न्हाई, साहेब. डावी बाही उलटी बसलीया, उसवून नीट करा." चहा मागवला नाही. बसा म्हणाला नाही. जा असंही म्हणाला नाही.
थोडा वेळ थांबून निघालो.
घरी आलो तेव्हा अडीच वाजले होते. वनमालानं विचारलं, "झालं का?"
मी म्हटलं, झालं.
ती ताट वाढायला उठली. तेव्हा म्हटलं, नाही झालं.