वरची पानं, खालची पानं

३ ऑक्टोबर
पाय मोडला! झाड पाडताना मागे सरकले आणि खड्ड्यात गेले. झाड नीट पडलं, मी नाही. घोट्याला प्लास्टर. डॉक्टर म्हणाले, "महिनाभर पाय टेकायचा नाही." म्हणजे महिनाभर मी पानं वाळवायच्या खोलीत.
मला उचलून नेत होते तेव्हा मुकादमीणबाईंना ओरडून सांगितलं — वरची पानं पांढऱ्या पिशवीत, खालची तपकिरीत, बाकी काही लक्षात ठेवू नका! "अहो, जा तुम्ही," त्या म्हणाल्या, "एवढं तर शेंबडं पोरही करेल."

६ ऑक्टोबर
पिशव्या तोंडं शिवून येतात. ओव्हनमध्ये घाला, वाळवा, वजन करा. चार वर्षांच्या निलगिरीला शेंड्याकडे किती पानं आणि बुडाकडे किती — एवढाच प्रश्न! कंपनी त्यावरून ठरवणार, खालच्या फांद्या किती छाटायच्या. आणि त्यापायी मी लेकीपासून एवढी लांब. अहवाल झाल्याशिवाय प्रकल्पाचे सर सोडणार नाहीत. करारावर सही माझीच. बोंब कुणाच्या नावाने मारू?
खोलीला एकच खिडकी, तीही उघडत नाही. केसांना, कपड्यांना, चहालासुद्धा निलगिरीचा वास. सर्दी होणार नाही, हे एक बरं.

११ ऑक्टोबर
नवऱ्याचा फोन. त्याने लेकीला विचारलं, "आई कुठाय?" तिने फोनवर बोट ठेवलं म्हणे. तो हसला. मीही हसले. मग खूप रडले. ओव्हनची घरघर असते, कुणाला ऐकू जात नाही.

१८ ऑक्टोबर
विचित्रच! वरच्या आणि खालच्या पानांचं वजन जवळजवळ सारखं. प्रत्येक झाडाचं! असं कसं? दाट लावलेल्या झाडांत खाली ऊन पोचत नाही, खालची पानं गळायला लागतात.
सरांना भीतभीतच दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला. "अरे वा! हे तर नवीनच निघालं." आणि स्वतः चहा आणून दिला. सूर्य कुठे उगवला होता कोण जाणे.

१९ ऑक्टोबर
वजनं. वजनं. वजनं.

४ नोव्हेंबर
प्लास्टर निघालं. लंगडत झाडांत गेले.
नुकतंच पाडलेलं झाड आडवं पडलं होतं. मुकादमीणबाई आणि दोघी जणी त्याच्या वरच्या अंगाची पानं काढून पांढऱ्या पिशवीत भरत होत्या. शेंड्यापासून बुडापर्यंत! मग तिघींनी झाड कलथवलं आणि खालच्या अंगाची तपकिरी पिशवीत.
"हे काय करताय?"
"वरची पांढऱ्यात, खालची तपकिरीत. तुम्हीच नव्हतं का सांगितलं?"
शेंड्याची लांब, कोयत्यासारखी पानं आणि बुडाची गोल, निळसर पानं — दोन्ही पिशव्यांत सरमिसळ. मला हसूच फुटलं. त्याही हसल्या, का ते न कळता. मग लक्षात आलं, महिनाभराची सगळी वजनं अशीच.
त्यांची काय चूक? मी "वर" म्हणाले. "शेंडा" म्हणायला काय झालं होतं मला!

५ नोव्हेंबर
सांगितलं तर सगळं पहिल्यापासून. या वयाची झाडं आता पुढच्या वर्षीच मिळणार. नाही सांगितलं तर आठवड्यात घरी.
सर म्हणाले, "तुमचं सुटकेचं पत्र करतोय. बॅग भरायला घ्या." मी मान डोलावली. मान डोलावली मी!
नवऱ्याला सांगितलं नाही. तो म्हणेल, गप्प बस आणि निघून ये. आणि मी जाईन. मला जायचंच आहे! पण उद्या हजारो झाडांवर कुऱ्हाड चालेल ती माझ्या आकड्यांवर. इकडे आड, तिकडे विहीर. एका शब्दाने गळा धरलाय.

७ नोव्हेंबर
ठरलं. उद्या सांगणार. वर्ष तर वर्ष. लेक तोवर पळायला लागेल. लागू दे. तिच्यासमोर मान खाली घालून जायचं नाही.
भूक लागली! किती दिवसांनी.

८ नोव्हेंबर
सांगितलं.
सर म्हणाले, "मी रोज झाडांत चक्कर मारतो. दुसऱ्याच आठवड्यात दिसलं होतं मला."
मग सुटकेचं पत्र पुढे सरकवलं. सही झालेलं.
"या आकड्यांवरचा लेख छापायला गेला. पहिलं नाव तुमचंच टाकलंय."