नावापुढची रिकामी जागा

३ मार्च
मशीन माझं नाही, दगड माझा नाही, शिव्या मात्र माझ्या! रादोयेच्या कारखान्यात थडग्याचे दगड कोरणारं नवं मशीन आलंय. त्याला मजकूर जुळवून देणारा प्रोग्राम मी लिहिला. आपल्या सर्बियन लिपीतलं एक अक्षर म्हणे त्याच्या ओळखीचं नाही. मग जोर्जे आजोबांच्या नावात त्याने सरळ रिकामे चौकोन कोरले. रादोये म्हणतो, "इंजिनीअरीणबाई, म्हातारा जन्मभर शिंपी होता. मेल्यावर खिडक्या बसवायला लागला की काय?"

४ मार्च
अक्षर शिकवलं. चौकोन गेले – प्रोग्राममधले. दगडावरचे कसे जाणार?

६ मार्च
आज मिलुंका काकू. नवऱ्याच्या दगडावर शेजारी यांचंही नाव – जन्मसाल, रेघ आणि पुढे कोरी जागा, बाई येतील तेव्हा भरायला. आमच्या सगळ्या चाचक शहरात हीच रीत. रादोये ती जागा धरायला स्पेसबार दाबत बसतो, बसमध्ये रुमाल टाकावा तसा. माझा प्रोग्राम हुशार! ओळीच्या शेवटी नुसती मोकळी जागा दिसली की कचरा समजून झाडून टाकतो. पुढे काही नसलेली रेघही. आणि उरलेलं नाव मध्यभागी सरकवतो. आता पुढचं साल कोरायला बोटभर जागा नाही.
"पोरी, मी मेल्यावर माझं साल कुठे लिहिणार, दगडाच्या मागे?"
मी माफी मागितली.
"माफी घेऊन काय करू? मला रेघ हवी."

८ मार्च
बायकांचा दिवस. रादोयेने कार्नेशनचं फूल दिलं, आणि त्याच हाताने सासूबाईंची ऑर्डर. माझ्या नवऱ्याच्या, नेबोयशाच्या वर्षश्राद्धाचा दगड. त्याचं नाव, त्याची दोन्ही सालं. शेजारी माझं नाव, १९८७, रेघ.
म्हणजे माझं कायमचं घर ठरलं. भाडं नाही, शेजारी शांत.
मला नकोय. सदतिसाव्या वर्षी स्वतःच्या थडग्यावर फुलं वाहायला जायचं नाहीये मला. पण सासूबाईंना हे सांगणार कोण?

११ मार्च
प्रोग्राम दुरुस्त केला. मुद्दाम सोडलेली जागा आता तो सोडतो, सालापुरती, तंतोतंत. चाचणीसाठी नाव कुणाचं घ्यावं? घरचंच घेतलं – माझं. रेघ सुंदर आली. शाबास मी!

१५ मार्च
सासूबाईंकडे कॉफी. सांगायचं ठरवून गेले आणि केक खात बसले. त्याच म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांच्या दगडावर माझं नाव कधीचं आहे. दर शनिवारी जाते, स्वतःलाच पुसून येते. सवय होते गं."
तेव्हा तोंडातून गेलंच – "आई, मला नको. माझं नाव नका घालू."
त्यांनी कप उचलले आणि नळाखाली खूप वेळ धूत राहिल्या. नेहमी दाराशी दोनदा मिठी मारतात. आज एकदाही नाही.

१६ मार्च
फोन केला. उचलला नाही.

२० मार्च
रादोयेला विचारलं, ऑर्डर तीच आहे का? "गिऱ्हाइकाचं गिऱ्हाईक जाणे," म्हणाला. एरवी या माणसाच्या तोंडात तीळ भिजत नाही!

१२ एप्रिल
दगड बसला. एकच नाव, बरोबर मध्यभागी. शेजारी बोटभरही जागा नाही. आधी वाटलं, प्रोग्रामने पुन्हा खाल्ली. रादोये म्हणाला, "म्हातारी स्वतः येऊन मशीनपाशी बसली होती. म्हणाली, जागा ठेवलीस तर पोरगी परत परत येत राहील. तिला जगू दे."
हवं होतं तेच मिळालं. दगडाला कपाळ टेकवून रडले. नेबोयशा, तू एकटाच रे तिथे.