पंधरावी काठी

तीर्थरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (कंबर साथ देत नसल्यामुळे तो कागदावरच गोड मानून घ्यावा.) तुमची साखर, मामीची पाठ आणि तुम्हा दोघांमधला अबोला, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. माझं म्हणाल तर डॉक्टरांना दाखवण्यासारखं अंगात काही नाही, आणि ज्या डॉक्टरांना तोंड दाखवायचं आहे ते माझ्याशी बोलत नाहीत. म्हणून हे पत्र.

‘तेवढंच चालणं होईल’ असं म्हणून नऊ वर्षांपूर्वी गोल्फची दीक्षा मला तुम्हीच दिलीत, तेव्हा या पापाचा थोडा वाटा न्यायाने तुमच्याकडेही येतो. चेंडू दोनशे पावलं उडवणं मला एव्हाना जमतं. तो हिरवळीवर जाऊन पडला की खळग्यापर्यंतची उरलेली तीन पावलं जमत नाहीत. त्या तीन पावलांसाठी पटर नावाची वेगळी काठी असते, आणि माझ्याकडे तशा सात आहेत. दिवाणखान्यात छत्र्यांच्या स्टँडमध्ये त्या उभ्या असतात. छत्र्या खुंटीवर गेल्या. सौ.चा पूर्वपक्ष असा, की चेंडू एक, खळगा एक, मग काठ्या सात कशाला? उत्तरपक्ष मी अनेकदा मांडला आहे. पातळ पात्याचा पटर ओल्या गवतावर बरा, इस्त्रीएवढ्या जाड डोक्याचा उतारावर बरा, लांब दांड्याचा कंबर धरलेली असताना बरा. पण मामा, तुमच्याशी कशाला खोटं बोलू? खरं भाष्य निराळंच आहे. चेंडू चुकला की दोष एकतर माझा असतो नाहीतर काठीचा, आणि दोघांपैकी बदलता येते ती काठी. नवा पटर म्हणजे नवी शाळा. आपलं जुनं प्रगतिपुस्तक तिथे पोचलेलं नसतं. पंधरा दिवस चेंडू आज्ञाधारकपणे आत जातो, सोळाव्या दिवशी काठी आपल्याला ओळखते. मग तिची रवानगी स्टँडमध्ये, आणि तिथे वर्षभर पडून राहिलेली दुसरी एकदम निरागस दिसू लागते. (सौ. म्हणते, माणसांच्या बाबतीत तुम्ही असे नाही हे नशीब. हे कौतुक आहे की आळशीपणावर ठपका, हे मी विचारलेलं नाही.)

आता अनर्थ ऐका. तुमचे वसतिगृहातले सोबती, म्हणजे आमचे दातांचे डॉक्टर, अकरा वर्षं क्लबाच्या जोडीस्पर्धेत हरत आले. त्यातली शेवटची सात वर्षं माझ्यामुळे. यंदा आम्ही, कसे कोण जाणे, अंतिम फेरीत पोचलो. पुढच्या महिन्यात त्यांचे दोन्ही गुडघे बदलायचे आहेत. नंतर खेळता येईलच असं कोणी छातीठोकपणे सांगत नाही. त्या सकाळी गवत ओलं की कोरडं याचा निर्णय होईना, म्हणून मी दोन पटर बॅगेत टाकले. एक गाडीत ठेवायचा असं ठरलेलं होतं. पण गाडीपाशी डॉक्टर चक्क शीळ घालत होते. त्यांना शीळ घालताना मी कधी ऐकलं नव्हतं. ऐकत राहिलो आणि विसरलो.

शेवटच्या खळग्यापर्यंत बरोबरी, म्हणजे दोन्ही जोड्यांनी जिंकलेले खळगे सारखेच. तोवर हातातल्या पटराने मला चार वेळा दगा दिला होता. मी वैतागून दुसरा काढला, आणि मामा, सात पावलांवरून चेंडू आत गेला! डॉक्टरांनी मला मिठी मारली. त्या गुडघ्यांनी ते उडीसुद्धा मारणार होते. तेवढ्यात समोरच्या जोडीतल्या वकिलाने अगदी मऊ आवाजात विचारलं, “सर, हातात हा, मग बॅगेतला तो कुठला?”

बॅगेत चौदाच काठ्या चालतात. पंधरा निघाल्या. दंड म्हणून आमचे जिंकलेले दोन खळगे वजा झाले, आणि एकाने जिंकलेले आम्ही एकाने हरलो. डॉक्टरांनी चेंडू खळग्यातून काढून माझ्या हातात दिला. मग म्हणाले, “मास्तर, तुझी अक्कलदाढ मी काढली होती. ती उरलेली शेवटची होती, हे तेव्हाच सांगायला हवं होतंस.” त्याला एकवीस दिवस झाले. पुढच्या रविवारी, त्यांच्या ऑपरेशनआधीची, एक शेवटची जोडीस्पर्धा आहे. नावं शनिवारपर्यंत द्यायची आहेत. दवाखान्यात फोन केला की त्यांची मदतनीस ‘दुखतंय का?’ एवढंच विचारते. हो म्हटलं तर ती तारीख देते, पुढच्या महिन्यातली.

मामीला नमस्कार. साखर सांभाळा.

तुमचा भाचा

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. डॉक्टर जगात फक्त तुमचं ऐकतात. त्यांना फोन करून सांगा, की भाच्याने सगळे पटर देऊन टाकले, एकच ठेवला. (अजून दिलेले नाहीत. कुठला ठेवायचा ते ठरत नाही.)

आणखी एक ता. क. पत्र दोन दिवस खिशातच राहिलं, ते बरंच झालं. फोन करू नका. काल संध्याकाळी डॉक्टर स्वतः आले, तसल्या गुडघ्यांनी तीन जिने चढून. सौ.ने खुर्ची दिली तर बसले नाहीत. स्टँडकडे बघत म्हणाले, “यातला सरळ जाणारा कुठला?”

“सरळ सगळेच जातात, डॉक्टर. मारणारा वाकडा आहे.”

“ते तुझं तुझ्यापाशी ठेव. महिनाभर माझाही वाकडाच जातोय.”

मग तासभर ते सतरंजीवर आडव्या ठेवलेल्या पेल्यात चेंडू घालत होते, सातही पटरांनी. शेवटी जाड डोक्याचा बगलेत मारला आणि दारातून म्हणाले, “रविवारी सहाला. बॅग मी मोजणार.”

मला भरून आलं, मामा. पण जिन्यातला त्यांचा आवाज विरला तशी माझी खात्रीच पटली, की सातांमध्ये चेंडू आत घालणारा तेवढा तोच होता. तुमच्याकडे त्याच घडणीचा एक आहे; तुम्ही तो पाच वर्षं वापरलेला नाही. शनिवारपर्यंत पोचेल असा कुरिअरने पाठवा. पत्ता मात्र घरचा नको, मी शिकवतो त्या कॉलेजचा घाला. घरात सहाच उरले म्हणून सौ. कालपासून फार खुशीत आहे.