नारपोलीच्या पत्त्यावर गेलेला परतावा

४ फेब्रुवारी १९९१
ठाण्याच्या आयकर कार्यालयात जाऊन आले. शाळेनं तीन वर्षांचा थकलेला पगार एकदम दिला, आणि सगळी एकाच वर्षाची कमाई धरून कर कापला. ज्या त्या वर्षात तो पगार विभागला तर कर लागतच नाही. म्हणून गेल्या जूनमध्ये परतावा मागितला होता. तेव्हापासून फाइल तशीच पडून!

खिडकीतला कारकून म्हणाला, "बाई, कर कापल्याच्या दाखल्याची झेरॉक्स लावलीय. ओरिजिनल लागतो. आणि दाखल्यावर सरोजनी, अर्जावर सरोजिनी. आम्ही कुठली खरी धरायची?"

हे कळवायचं कोणी? मी विचारायला गेले नसते तर अजून वर्षभर पडली असती.

६ फेब्रुवारी
शाळेतले क्लार्क काळूराम कपाळाला आठ्या घालून — "एका अक्षरासाठी नवीन दाखला? साहेबांची सही पुन्हा घ्यावी लागेल."

म्हटलं, घ्या. मी इथंच बसते.

मधली सुट्टी संपली, तास ऑफ होता, बसून राहिले. शेवटी त्यांनी टाइप केला. नाव मी तीनदा वाचून घेतलं.

१२ फेब्रुवारी
ठाण्याला जाऊन दाखला दिला. पोच मागितली. "पोच कशाला?" — तरी शिक्का मारून घेतलाच. सगळ्याच्या नकला ठेवल्यात.

३ मार्च
वहिनी आज भांडी जरा जास्तच आपटत होती. तिचाही दोष नाही, दोन खोल्यांत सहा माणसं. भाऊ जेवताना म्हणाला, "दौलतरावांशी एकदा बोलून बघू का?" नको म्हटलं. डिसेंबरात नवऱ्यानं हात उचलला ती पहिली वेळ नव्हती, पण शेवटची होती; तेव्हाच घर सोडून इथं भाऊकडं आले. परतावा आला की खोलीचं डिपॉझिट भरायचं. धामणकर नाक्याच्या मागे एक बघून ठेवलीय. मालकीणबाई थांबायला तयार आहे.

१५ जुलै
पुन्हा ठाणे. कारकून रजिस्टर बघून म्हणाला, "तुमच्या परताव्याचं व्हाउचर मे महिन्यातच गेलं की. रजिस्टर पोस्टानं. नारपोलीला."

नारपोली! अर्जावर जुनाच पत्ता. घर सोडलं, शाळेला कळवलं, रेशनकार्डाच्या मागे लागले — इथं पत्ता बदलायचं डोक्यातच आलं नाही. स्टँडवर एसटीची वाट बघताना इतका राग आला स्वतःचा.

१७ जुलै
नारपोलीचा पोस्टमन महादू नाक्यावर भेटला. "ताई, लांब पाकीट ना? दिलं की घरात. पोच झालीय." कोणाच्या हातात दिलं ते त्याला आठवेना.

संध्याकाळी दौलतच्या यंत्रमाग कारखान्यावर गेले. एकटी नव्हे, भाऊला घेऊन. शिफ्ट सुटत होती. लूमच्या आवाजात ओरडूनच बोलावं लागलं.

"माझ्याकडं काय न्हाय आलं," दौलत म्हणाला. "पायजे तर घरी येऊन शोध."

आणि हसला. भाऊ समोर होता तरी हसला. व्हाउचर माझ्या नावाचं, त्याला ते वटवताही येत नाही, तरी दाबून बसलाय. मला उंबऱ्याच्या आत ओढायला.

नाही जाणार.

२२ जुलै
दुसरं व्हाउचर मिळतं! पहिल्याची मुदत संपू द्यायची, मग स्टँपपेपरवर हमीपत्र, अर्ज, नवा पत्ता. "वेळ लागेल, बाई," कारकून म्हणाला. लागू दे. पत्ता बदलल्याचा अर्ज आजच दिला. पोच घेतली.

९ सप्टेंबर
हमीपत्र दिलं. भाऊनं साक्षीदार म्हणून सही केली. बसभाडंही त्यानंच काढलं.

१४ ऑक्टोबर
काही नाही. ठाणे. "साहेब रजेवर."

२८ ऑक्टोबर
साहेब आले. माझ्यासमोर फाइल आत गेली.

२१ नोव्हेंबर
आलं!! भाऊच्या पत्त्यावर, माझ्या हातात. नाव बरोबर. तडक बँकेत भरलं.

१ डिसेंबर
खोली घेतली. एक खिडकी, मोरी आत, खाली लूमची खडखड. वहिनीनं स्टोव्ह दिला आणि दारात रडली. मला वाटलं होतं तिला सुटल्यासारखं होईल.

शाळेत दोघी बाई विचारत होत्या, आमचाही परतावा अडकलाय. सांगितलं — दाखला ओरिजिनल लावा, नावाचं अक्षर अन् अक्षर जुळवा, घर बदललं तर त्याच आठवड्यात कळवा. आणि नुसती वाट बघत बसू नका.

८ डिसेंबर
दुपारी दार वाजलं. सासूबाई. नारपोलीहून चालत आल्या होत्या. पदराखालून पाकीट काढलं — तेच, मे महिन्यातलं.

"दौलतला ठावं न्हाय. पोस्टमननं माझ्याच हातात दिलं, अंगठा माझा हाय. मीच लपवलं. वाटलं, पैशापायी तरी परत येशील. तू गेल्यापासून त्याला मीच घावते."

मनगट काळंनिळं होतं.

व्हाउचर बाद झालंय हे सांगितलं नाही. घेतलं, ठेवून दिलं. कपडे आणले नव्हते, माझं पातळ दिलं. आता झोपल्यात.

दौलत येईल इथं. येऊ दे. दाराला आतून दुसरी कडी बसवून घेतलीय.