लाटेचे हातमोजे

आबा, रत्नागिरीत हातमोजे घातलेला माणूस दिसला असता तर तुम्ही म्हणाला असतात, "याला काय हिव भरलाय काय?" तर तो माणूस सध्या मी आहे. आणि मोज्यांवर काय छापलंय ठाऊक आहे? तुमची लाट. तुमच्या बर्फाच्या कारखान्यात, चहा प्यायच्या खोलीत कॅलेंडरवर होती ना, तीच. आभाळाएवढी उसळलेली, खाली होड्या, होड्यांत वाकलेली माणसं आणि लांब इवलासा डोंगर. चित्रकार मोठा होता, परदेशातला, जगभर लोक त्याची लाट ओळखतात, हे मला फार पुढे कळलं. तुम्ही मात्र रोज चहाचा कप धरून तिच्यासमोर उभे राहायचात, देवळात राहावं तसे. मी डबा घेऊन आलो की माझं बोट आपोआप फेसाकडे जायचं आणि तुम्ही ओरडायचात, "ओल्या हातानं नको लावूस रं, दर्या पुसून जायल!" स्वतः तर कधीच हात लावला नाहीत. तुमचे हात कायम ओले, गोणपाट गुंडाळून बर्फाच्या लाद्या ढकलून लालभडक झालेले.

आता ते चित्र माझ्या हातांवर आहे. डाव्या पंजावर लाट, उजव्यावर होड्या आणि डोंगर. दोन्ही हात शेजारी धरले की दर्या पुरा होतो. लेकीनं आणलेत. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा पिशवीतून काढून म्हणाली, "पप्पा, आतून लोकर आहे. आणि बोटांच्या टोकांना कसला तरी वेगळा धागा आहे, मोजे न काढता फोन उचलता येतो. माझी वेळ येईल तेव्हा फोन उचलला नाही, ही सबब मला चालायची नाही हां." मी मासळीच्या शीतगृहात मुकादम आहे, आबा. तुमचा बर्फ सुटला, पण घराण्याला गारठा काही सुटला नाही.

परवा तुमच्या सुनेनं तिला दवाखान्यात नेलं आणि रक्तदाब एकाएकी चढला. डॉक्टर म्हणाले, दोघांनाही धोका आहे, लगेच ऑपरेशन करतो. इथे शीतगृहाच्या दाराला कंटेनर लागलेला, अर्धा माल आत, अर्धा बाहेर, आणि बदली माणूस यायचा होता. मी वरचे जाड मोजे काढून फेकले, लाटेचे तेवढे ठेवले आणि रेंज येते त्या दाराशी उभा राहिलो. फोन वाजला. होड्या छापलेल्या उजव्या हाताचं बोट मी फोनच्या काचेवरून सरकवलं आणि, काय सांगू आबा, कापडाआडून त्या काचेला माझं बोट कळलं! आधी रडणं ऐकू आलं, मग तुमच्या सुनेचा आवाज. "मुलगी झाली हो. दोघी बऱ्या आहेत." मी तिथेच भिंतीला टेकलो आणि हातातल्या दर्याकडे बघत राहिलो. जगातलं केवढं काय काय माझ्या दहा बोटांत येऊन बसलं होतं.

आई सांगायची, मी जन्मलो तेव्हा तुम्ही कारखान्यातली पाळी संपवून आलात आणि उंबऱ्यातच थांबलात. ती म्हणाली, "आवो, घ्या नां पोराला." तुम्ही म्हणालात, "थांब गो, हात गार हायत." मग हात काखेत धरून, चुलीवर शेकून, स्वतःच्या गालाला लावून पाहून मगच मला घेतलंत.

दवाखान्यात लेक म्हणाली, "घ्या ना पप्पा." मी मोजे काढले, हात काखेत घातले आणि म्हणालो, "थांब जरा, हात गार आहेत." सगळे थांबले. मी तसाच उभा राहून नातीला बघत होतो.

हे पत्र घडी करून डाव्या मोज्यात ठेवतोय, लाटेच्या बाजूला. तुम्हाला म्हणून सांगतो, आबा, हात गार नव्हतेच.